बसलं का बसवलं

चाक बसतं आणि चाक बसवतात, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही म्हणाल, बाई, हा काय शब्दांचा खेळ. पण आमच्या दुकानात ह्या एका 'व'वरून कामं परत जायची. कोणाचंही काम हातात घेतलं की आमचे हे आधी विचारायचे, "बसलं का बसवलं?" म्हणजे वस्तू आपल्या जागेवर आपसूक गेली, की तुम्ही तिला ठोकून, दाबून, आवळून तिथं नेली? आपसूक गेली तर बसली. ठोकून नेली तर बसवली. बसवलेली वस्तू दिसते अगदी बसल्यासारखीच. पण ती जबरदस्तीनं पंगतीत बसवलेल्या पाहुण्यासारखी असते. सारखी उठायच्या बेतात.

दिग्रसला आमचं लेथचं दुकान. ज्यांनी लेथ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कुंभाराचं चाक उभं करा, मातीच्या जागी लोखंड लावा आणि बोटांच्या जागी धारेचं टूल. लोखंड फिरतं, टूल त्याचा पापुद्रा काढत जातं. मातीचा गोळा वाढवता येतो, लोखंड एकदा जास्त कापलं की गेलं. एवढाच काय तो फरक, आणि एवढ्यात माणसाची सारी जिंदगी जाते.

हे आधी जिनिंगमध्ये टर्नर होते. कापसातून सरकी काढायची मशिनं, त्यांचे रूळ, शाफ्ट, बुश, सगळं ह्यांच्या हातचं. मग स्वतःची जुनी लेथ घेतली. मी सातवी शिकलेली. सुरुवातीला डबा घेऊन यायची, डबा खाऊन होईपर्यंत बसायची, मग लांब सळईचं दुसरं टोक धरायची. शिकवलं मला कोणी नाही. ह्यांना शिकवायचा भारी कंटाळा. "पाह्य," एवढंच म्हणायचे. मी पाहत गेले. साडीचा पदर कंबरेला घट्ट खोचायचा, वरून ह्यांचा जुना शर्ट घालायचा, केसांना फडकं बांधायचं, कारण लेथ पदर आणि वेणी दोन्ही ओढून घेते. गिऱ्हाइकं आधी हसली. मग ह्यांना कावीळ झाली, हे खाटेवर पडले, आणि हसणारी गिऱ्हाइकं दुकानाबाहेर रांगेत उभी राहिली, कारण सोंगणीच्या दिवसांत थ्रेशर कोणासाठी थांबतो? तेव्हापासून ह्यांना 'मिस्त्री' आणि मला 'मिस्त्रीणबाई'.

चाकांची कामं आमच्याकडे जास्त यायची. वणीकडून कोळशाचे ट्रक यायचे. एकदा असाच एक ट्रकवाला दुकानासमोर गाडी लावून डाव्या बाजूचं चाक खोलत होता. पान्याला लांब पाईप लावला होता आणि पाईपवर चढून उड्या मारत होता. माणूस चांगला धिप्पाड, घामानं न्हालेला. मी लेथ थांबवून बाहेर गेले.

"भाऊ, काय करून राह्यला?"

"नट खोलून राह्यलो, मावशी. जाम झाला."

"खोलून नाही राह्यला. आवळून राह्यला. डाव्या बाजूचे आटे उलटे असते ह्या गाडीचे."

तो पाईपवर तसाच उभा राहिला. खाली उतरावं की नाही, हेच त्याला कळेना. मग म्हणाला, "तरी म्हणलं, मी इतका जोर लावतो अन् हा नट मले भेतच नाही." गाडी पुढं धावताना चाकाच्या ओढीनं नट सुटू नये म्हणून जुन्या ट्रकांना डावीकडे उलटे आटे असायचे. तो नट शेवटी आम्ही छिन्नीनं कापला. पुढं तो माणूस वणीहून येता-जाता हॉर्न वाजवायचा, आणि मी आतूनच ओरडायची, "उलटा फिरव!"

असे लोक होते. आता ट्रक थांबत नाहीत. सगळं नवं मिळतं, जुनं फेकतात. हे गेल्यावर मी दुकान बंद केलं नाही, पण उघडं आहे असंही म्हणवत नाही. सकाळी शटर वर करते, लेथला तेल देते, कोणाचा पंपाचा शाफ्ट आला तर करते. मुलगी नागपूरला नर्स आहे. ती म्हणते, "आई, विकून टाक ते धूड." मी हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल देते.

मला एका गोष्टीचं वाटायचं, ती सांगते. माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकतो आपण, चष्मा राहतो, चपला राहतात. पण कारागीर माणसाचं खरं राहतं ते त्याचं काम. ह्यांचं काम कुठं होतं? जिनिंग बंद पडली, मशिनं भंगारात गेली, त्यांच्यासोबत ह्यांचे शाफ्ट, ह्यांचे बुश गेले. थ्रेशर बदलले, बैलगाड्यांना रबरी टायर आले. साऱ्या जिल्ह्यात ह्यांच्या हातची फिरणारी वस्तू शोधावी, तर एकही नाही. हे मी कोणाला बोलून दाखवत नव्हते. पण बाजारात जाता-येता माझी नजर प्रत्येक चाकावर, प्रत्येक पुलीवर जायची.

आणि मागच्या हिवाळ्यात शरदभाऊ आले.

शरदभाऊ म्हणजे ज्या जिनिंगमध्ये हे टर्नर होते, तिथल्या मालकांचे धाकटे चिरंजीव. आता सत्तरी ओलांडली. तरुणपणी त्यांना गाडीच्या शर्यतींचं वेड होतं. रॅली म्हणतात त्याला, कच्च्या रस्त्यानं, जंगलातून, घाटातून, घड्याळ लावून गाडी पळवायची. गाडी कोणती, ते नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरच्या लग्नाला भाड्याची पांढरी गाडी आली होती, त्यांनी ओळखावं. तीच, पण शरदभाऊंची लाल. त्या गाडीला रुंद चाकं हवी होती आणि रुंद चाकं कुठं मिळत नव्हती. तेव्हा ते ह्यांच्याकडे आले होते.

ह्यांनी काय केलं, तर चाकाची रीम लेथला लावून गोल कापली, मधोमध, जशी आपण भाकरीचा पापुद्रा सोडवतो तशी. दोन कडी झाली. मग पट्टी वळवून मधे घातली आणि दोन्ही बाजूंनी वेल्डिंग. रीम रुंद झाली. पण वेल्डिंगच्या तापानं लोखंड वाकडं होतं. ते सरळ करायला चाक फिरवायचं आणि खडू टेकवून पाहायचं, जिथं खडू लागेल तिथं उंचवटा. हे हातोडी मारायचे, मी खडू धरायची. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. "लागला," मी म्हणायची. हे ठोकायचे. "अजून लागला." पुन्हा ठोकायचे. मग एकदा चाक पूर्ण फिरलं आणि खडू कुठंच लागला नाही. मी काही बोलले नाही. ह्यांनी मान वर करून पाहिलं, म्हणाले, "काहून गप झाली?" मी म्हटलं, "लागतच नाही." तेव्हा हे जे हसले, तसं हसणं पुढं फारसं पाहायला मिळालं नाही. कामं वाढली, हसायला सवड कुठं.

अशी पाच चाकं केली. चार गाडीची, एक स्टेपनी. शरदभाऊ ती चाकं घेऊन रॅलीत पळाले, बक्षिसं आणली, मग व्यापारात पडले, आणि गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली.

मला वाटलं होतं, ती केव्हाच विकली असेल. आणि मागच्या हिवाळ्यात तीच लाल गाडी माझ्या दुकानासमोर. मी गाडीकडे पाहिलं नाही. खाली चाकांकडे पाहिलं. तीच.

"जय भीम, मिस्त्रीणबाई," शरदभाऊ उतरले. दुसऱ्या बाजूनं त्यांच्या बायको मालतीबाई.

"या भाऊ. या बाई. लय दिवसांनी."

"गाडी नाचते वो," शरदभाऊ म्हणाले. "साठच्या वर गेली का स्टिअरिंग असं थरथरते का हात मुंग्यावते."

"वय झालं म्हणा तिचं," मी म्हटलं.

"वय झालं तर नाचाले पायजे का?" मालतीबाई म्हणाल्या. "मी काही नाचून नाही राह्यली. सवत आहे माही ही. सकाळपासून तिच्याच अंगाले कपडा मारत बसते हे, अन् मी चहा घेऊन मागं मागं."

जुन्या गाड्यांची रॅली निघणार होती, अमरावतीहून नेर, दारव्हा, दिग्रस करत पुसदकडे आणि पुढं घाटात. पळवायची नाही, आरामात चालवायची. शेजारी बसून रस्ता सांगायला माणूस लागतो, आणि तो माणूस मालतीबाई होत्या.

"पह्यले ह्यांचा दोस्त बसत होता माह्या जागी," त्या म्हणाल्या. "तो गेला बिचारा. आता मी सांगतो रस्ता. तसंही लग्न झाल्यापासून मीच सांगून राह्यलो."

आमच्याकडे बायाही 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.

शरदभाऊ हसले नाहीत. म्हणाले, "बाई, डोळे कमी होऊन राह्यले. डॉक्टर म्हणते, आता गाडी सोडा. ही एक रॅली करतो, मग चाबी देऊन टाकतो. पण ह्याच चाकांवर करायची आहे. मिस्त्रीच्या."

मी आतून जॅक आणला.

यवतमाळला त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. चाकांना शिशाचे तुकडे लावून तोल सांभाळून झाला, टायर बदलून झाले, स्टिअरिंगचे सांधे बदलून झाले. पुढची चाकं मागं, मागची पुढं, असंही शरदभाऊंनी घरी फिरवून फिरवून पाहिलं. गाडी नाचायची ती नाचतच होती.

मी पुढचा भाग जॅकवर उचलला, चाक फिरवलं आणि कडेला खडू धरला. एका बाजूला लागला, दुसऱ्या बाजूला नाही. चाक काढलं. चाक ज्यावर बसतं तो हब. बैलगाडीत आपण तुंबा म्हणतो, तसा, पण लोखंडी. हब नुसता फिरवून खडू धरला, तर सगळीकडे सारखा. म्हणजे हब खरा. मग चाक एक खुंटी पुढं सरकवून लावलं. हबला चार खुंट्या असतात, त्यांना स्टड म्हणतात, त्यावर चाकाची चार भोकं जातात आणि वरून नट. तर चाक सरकवून लावलं, आणि खडू लागायची जागा बदलली, म्हणजे वाकडेपण चाकात नाही, बसण्यात. तेव्हा मला शंका आली. मी सगळे नट काढले आणि चाक नुसतं स्टडवर टेकवलं. तीन स्टडवर गेलं. चौथ्यावर अडलं. तळहातानं एक थाप मारली, तेव्हा गेलं.

"भाऊ," मी म्हटलं, "हे हब जुने नाही."

"नाही ना. पुढचे ब्रेक बदलले. जुन्या ब्रेकचे सामान भेटेना, म्हणून डिस्कवाले बसवून घेतले. हब त्याच्यासंगच आले."

तिथंच सगळं होतं. नव्या हबचे चार स्टड ज्या वर्तुळावर होते, ते वर्तुळ जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठं. म्हणजे प्रत्येक स्टड फक्त एका मिलिमीटरनं बाहेर. नखाची जाडी म्हणा. बरं, फरक मोठा असता तर चाक गेलंच नसतं आणि कोणी लावलंच नसतं. आमच्या धंद्यात न बसणारी वस्तू धोक्याची नाही. जवळजवळ बसणारी धोक्याची. नट आवळले की चाक गपगुमान जातं, पण मधोमध जात नाही, तिरपं जातं. शिवाय हबच्या मधे एक नाक असतं, ते चाकाच्या मधल्या भोकात अचूक भरायला पाहिजे. नव्या हबचं नाक बारीक होतं. चाकाला ना नाकाचा आधार, ना नटांचा. ते नुसतं धरून ठेवलेलं होतं.

"कोणं बसवले हे चाकं?" मी विचारलं.

"मीच," शरदभाऊ म्हणाले. "गॅरेजवाल्यानं त्याचे दुसरे चाकं लावून दिलते. मले मिस्त्रीचेच पायजे होते. घरी आल्यावर अंगणात बसवले."

"सोपं गेलं का?"

"थोडा जोर लागला. पान्याले पाईप लावला."

"मी म्हणत होतो, इतके नका आवळू, इतके नका आवळू," मालतीबाई म्हणाल्या. "पण बायकोचं ऐकते का हे? सवतीचं ऐकते."

उपाय माझ्या डोक्यात लगेच आला. मधे जाड चकती घालून भागवता आलं असतं, पण चकतीनं चाक बाहेर येतं आणि मडगार्डला घासतं. त्यापेक्षा हबच्या जुन्या चार भोकांच्या मधोमध नवी चार भोकं पाडून स्टड तिथं न्यायचे, जुन्या मापाच्या वर्तुळावर. हबच्या थाळीला मांस, म्हणजे लोखंडाची जाडी, भरपूर होतं. नाकावर एक कडी करून घालायची म्हणजे चाकाचं भोक भरेल. सांगायला दोन वाक्यं आहेत. करायला मी बरेच दिवस घेतले, कारण भोक चुकलं तर हब गेला.

पण ते दिवस! किती वर्षांनी मी सकाळी घाईनं शटर वर करत होते. कडी चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यात धरून, डोळा लावून, एक एक पापुद्रा काढत मापात आणली. हबच्या नाकावर ठेवली, हात काढला, आणि ती आपल्या वजनानं हळूहळू खाली गेली, उतू आलेलं दूध आच कमी केल्यावर खाली बसावं तशी. मी दुकानात एकटीच होते. तरी मोठ्यानं म्हटलं, "बसली."

हब चढले, चाकं चढली. नट हातानंच शेवटपर्यंत गेले. शरदभाऊंनी दारव्ह्याच्या रस्त्यानं गाडी पळवून आणली. आले ते हात वर करूनच उतरले. "नाही नाचत! ऐंशीवर गेलतो, बाई! कप ठेवा म्हणा टपावर!" मालतीबाई मागून उतरल्या. "ऐंशीवर गेलते ते मले आता समजलं. मले साठ सांगून राह्यले होते."

त्या संध्याकाळी मला वाटलं, झालं. ह्यांची चाकं घाटात जातील.

उरलं होतं ते एवढंच, की रॅलीसाठी नवे टायर टाकायचे आणि रीमना रंग द्यायचा. टायरवाल्यानं पाचही चाकं उघडी करून माझ्याकडे आणून टाकली. मी रंगासाठी एक रीम साखळीला टांगली. आणि सहज, हातात छोटी हातोडी होती म्हणून, एक टिचकी मारली.

माठ विकत घेताना आपण काय करतो? बोटानं वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर त्याला कुठंतरी चीर आहे, दिसो न दिसो. लोखंडाचंही तसंच. ही खोड मला ह्यांची नाही, माझ्या आईची. बाजारातला प्रत्येक माठ ती वाजवायची, घ्यायचा नसला तरी.

चाक भद्द वाजलं.

मला वाटलं, साखळी लागत असेल. साखळी काढून सुती दोर लावला. पुन्हा टिचकी. भद्द. दुसरं टांगलं, भद्द. तिसरं थोडं बरं, पण शेवटी आवाज बसत होता. चौथं भद्द. पाचवं स्टेपनीचं, ते घंटेसारखं वाजलं आणि बराच वेळ वाजत राहिलं. मी हातोडी खाली ठेवली आणि चहा केला. चहा पिऊन पुन्हा वाजवलं. चहा पिल्यानं लोखंडाचं मत बदलत नाही.

आता डोळ्यांनी पाहायचं होतं. पूर्वी ह्यासाठी रॉकेल वापरायचो, आता रॉकेल कुठं मिळतं, डिझेल घेतलं. चाकाला डिझेल चोपडायचं, थोडं मुरू द्यायचं, मग कोरडं पुसून घ्यायचं आणि वरून खडूची भुकटी फासायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर काळी रेघ उमटते. मी भुकटी फासली आणि बसून राहिले. माझं लक्ष कुठं होतं, तर पट्टीच्या जोडावर. ह्यांच्या वेल्डिंगवर. तिथं रेघ येते की काय, म्हणून पाहत होते.

वेल्डिंग पांढरंच राहिलं. सगळीकडून. रेघ उमटली ती चाकाच्या मधल्या थाळीत, नटाच्या भोकापासून निघून दुसऱ्या भोकाकडे. कारखान्यातून आलेल्या लोखंडात. चारही चाकांना थोडी कमी, थोडी जास्त. तिरपं बसवून, पाईप लावून आवळलेल्या नटांनी ते लोखंड फाडलं होतं, आणि फिरवून फिरवून चारही चाकं पुढं लागली होती. स्टेपनी फक्त डिकीत पडून राहिली, म्हणून वाचली.

ह्यांच्या जोडाला काही झालं नव्हतं. अभिमान वाटला. आणि त्या अभिमानाचा काही उपयोग नव्हता.

खरं सांगते, मनात आलं. आता चाकं सरळ बसतात, हब बरोबर आहे, रॅली आरामाची आहे. कोणाला ऐकू आलं नाही, मलाच आलं. जाऊ द्यावं का? फक्त घाटापर्यंत? सगळ्यात लांब रेघ कोणत्या चाकाला होती, तर पुढच्या डाव्या. त्याच्या वर मालतीबाई बसणार, मांडीवर नकाशा घेऊन. मी शरदभाऊंना फोन केला.

दोघं आले. शरदभाऊंनी चष्मा कपाळावर चढवून रेघ जवळून पाहिली. मग बोट फिरवलं. बोटाला काही लागत नव्हतं, इतकी बारीक.

"वेल्डिंग मारून घ्या ना, बाई."

"नटाच्या भोकाजवळ वेल्डिंग टिकत नाही, भाऊ. तिथं भरलं का बाजूनं फाटते."

"मंग थाळ्या बदला. थाळ्या नव्या, कडी मिस्त्रीची."

हे त्यांनी बरोबर सांगितलं होतं. करता येतं ते. मी माझा हात पुढं करून दाखवला. तो थोडा कापतो आता. लेथवर चालतो, कारण लेथ हाताला धरून ठेवते. वेल्डिंगला कोणी धरत नाही. "हे काम त्यांच्या हातचं होतं," मी म्हटलं. "माह्यानं नाही होत. अन् दुसऱ्याच्या हातचं वेल्डिंग मी बाईच्या खाली नाही लावत."

शरदभाऊंनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "माह्याच पाईपनं गेले हे."

"पाईपनं नाही, भाऊ. वयानं."

"खोटं नका बोलू."

मालतीबाईंना टोमणा मारायला ह्याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण त्यांनी नुसता नवऱ्याच्या शर्टाला लागलेला खडू झटकला. "चाला," म्हणाल्या, "दुसरे चाकं पाहू. गाडी तर आहे ना. मी आहो ना."

यवतमाळच्या भंगारात तशाच जुन्या गाडीची साधी, अरुंद चाकं मिळाली. ढीग होता. मी एकेक दोराला टांगून वाजवत बसले. भंगारवाला पान चघळत पाहत होता.

"मावशी, माठ घ्याले आली का?"

"हो. पाणी थंड राह्यलं पायजे."

"घ्या मंग. गळला तर वापस नाही घेत."

चार खणखणीत निघाली. माझ्या पाडलेल्या भोकांवर ती आपसूक बसली. मापच ते होतं. गाडी दिसायला साधी झाली, भाड्याच्या गाडीसारखी. शरदभाऊ दोन वेळा भोवती फिरले. मग डिकी उघडून म्हणाले, "स्टेपनी?"

मी ह्यांचं पाचवं चाक पुन्हा एकदा वाजवलं, पुन्हा डिझेल, पुन्हा भुकटी. काही नाही. "हे ठेवा," मी म्हटलं. "पण लागलंच, तर गावापर्यंत. चाळीसच्या वर नाही." त्याला मी रंग दिला नाही, नुसतं तेलाचं बोट फिरवलं. डिकीत आडवं ठेवलं आणि वरचा पट्टा मीच बांधला.

फुटलेली चार चाकं शरदभाऊ नेत नव्हते आणि मी भंगारात देत नव्हते. ती अजून दुकानाच्या मागं भिंतीला टेकून आहेत. मुलगी म्हणते, आणखी एक धूड.

रॅली आली तेव्हा ऊन चढलं होतं. आधी पोलिसांची गाडी, मग एकापाठोपाठ एक जुन्या गाड्या, मोठ्या, लांब, चकचकीत. लोक मोबाइल धरून उभे. मी शटरसमोर शर्ट घालूनच उभी होते. लाल गाडी दिसायच्या आधी मालतीबाईंचा आवाज आला, "सरळ! सरळ म्हणलं ना, उजवीकडे कुठी चालले!" काच खाली, हातात नकाशा, डोक्याला रुमाल. शरदभाऊंनी हॉर्न दिला, माझ्यासमोर गाडी इतकी हळू केली की मागचे हॉर्न मारायला लागले. मी चाकांकडे पाहिलं. चारही गोल फिरत होती, कुठं हलत नव्हती. काम चांगलं झालं होतं. पण ती ह्यांची नव्हती. ह्यांचं चाक मागं डिकीत होतं, अंधारात, पट्ट्यानं बांधलेलं, आणि ते घाटात जाणार होतं न फिरता.

गाडी पुसदच्या वळणाला लागली. आमच्या घरी नवस बोलायची रीत नाही, आणि ज्याला बोलावं असंही कोणी नाही. मी मनाशीच म्हटलं, नीट जा, सुखरूप पोचा, काही होऊ नको. आणि लगेच, मी अडवायच्या आत, दुसरंही मनात आलं. घाट उतरून झाल्यावर, सपाटीला, एखाद्या कडुलिंबाच्या सावलीत, टायरखाली एखादा खिळा. अगदी लहानसा.